झाकण मिटलं, लॅपटॉप झोपला का?

लिनक्स रोजच्या वापरात : भाग ९

मागच्या भागात आपण काम चालू असताना बॅटरी कशी पुरवायची ते पाहिलं. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन यांपैकी एकच ठेवा, नाहीतर एकाने लावलेली सेटिंग दुसरं पुसतं, एवढं त्यातलं लक्षात ठेवलंत तरी पुरे. आज काम थांबल्यानंतरची गोष्ट. रात्री झाकण मिटताना ऐंशी टक्के असलेली बॅटरी सकाळी चाळीसवर का येते? बॅगेतून काढलेला लॅपटॉप गरम का लागतो?

झाकण मिटलं की तिथल्या सेन्सरची खबर कर्नलमार्फत सिस्टिमडी-लॉगिनडी या सेवेकडे जाते. काही वेगळं सांगितलेलं नसेल तर ही सेवा ‘सस्पेंड’चा हुकूम सोडते. पण बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल, तर झाकण मिटूनही ती काहीच करत नाही. हा बिघाड नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. नोम किंवा केडीईसारखं डेस्कटॉप असेल तर झाकणाचा कारभार तेही आपल्या हाती घेऊ शकतं. म्हणून सेटिंग बदलायची असेल तर आधी डेस्कटॉपच्या पॉवर विभागात पाहावं, लॉगिनडीच्या फाइलीत नंतर.

हुकूम सुटला, तरी झोप कोणती लागणार हे यंत्रावर ठरतं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक आणलं. त्यातल्या एस-३ अवस्थेत रॅमपुरती वीज चालू राहते आणि प्रोसेसरसकट बहुतेक सगळं बंद होतं. एस-४ म्हणजे हायबरनेट. त्यात रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होतं. पुढे मोबाइलसारखा झटपट जागा होणारा लॅपटॉप हवा झाला. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने त्या दिशेने पावलं टाकली आणि अनेक कंपन्यांनी हळूहळू एस-३ वगळायला सुरुवात केली. तिच्या जागी आलेल्या झोपेला लिनक्समध्ये ‘एस-टू-आयडल’ म्हणतात.

या नव्या झोपेत यंत्र औपचारिकदृष्ट्या चालूच असतं. प्रोसेसर, डिस्क, वायफाय, यूएसबी या प्रत्येकाने आपापली वीज कमी करायची, आणि सगळे खाली उतरले तरच प्रोसेसरची चिप सर्वांत खोल अवस्थेत जाते. वाड्यातला शेवटचा माणूस निजेपर्यंत चौकातला दिवा मालवत नाहीत, तसंच हे. एखादा ड्रायव्हर किंवा डिस्क जागी राहिली की पडदा काळा दिसतो, पण वीज जळतच राहते.

हिशेब करून पाहू. बॅटरी ५० वॉट-तासांची आहे. झोपेत अर्धा वॉट खर्च झाला तर १२ तासांत ६ वॉट-तास, म्हणजे १२ टक्के जातात. तोच खर्च २ वॉट झाला तर २४ वॉट-तास, म्हणजे जवळजवळ निम्मी बॅटरी. बाहेरून दोन्ही लॅपटॉप सारखेच निजलेले दिसतात.

तुमच्याकडे कोणती झोप आहे हे /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचली की कळतं. (नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टंकताना रोमन अक्षरं वापरा.) तिच्यात ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’ असे शब्द दिसतील आणि सध्या निवडलेला शब्द चौकटी कंसात असेल. ‘डीप’ म्हणजे बहुतेक लॅपटॉपवर जुनी एस-३. दोन्ही दिसत असतील तर आधी त्या फाइलीत ‘डीप’ लिहून एकदा झोपवून पाहा. उठल्यावर वायफाय, आवाज आणि टचपॅड नीट चालले, तरच कर्नलच्या बूट-ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप जोडा.

‘डीप’ दिसतच नसेल तर बायॉस उघडा. लेनोवोचा सहाव्या पिढीचा थिंकपॅड एक्स-१ कार्बन २०१८ मध्ये एस-३ शिवाय बाजारात आला होता. नंतर कंपनीने बायॉसच्या अपडेटमधून झोपेचा ‘लिनक्स’ पर्याय दिला. असा पर्याय सगळ्यांकडे नसतो. नसेल तर एसीपीआयच्या तक्त्यांशी खेळून एस-३ ओढून आणण्यात शहाणपण नाही. बायॉस आणि कर्नल अद्ययावत ठेवणं हाच तिथला खरा उपाय, कारण एस-टू-आयडलच्या बऱ्याच दुरुस्त्या याच दोन वाटांनी येतात.

लॅपटॉप मध्येच आपोआप उठत असेल तर /प्रॉक/एसीपीआय/वेकअप पाहा. यंत्राला जागं करण्याची मुभा कोणाकोणाला आहे, त्याची यादी तिथे मिळते. यूएसबी माउसची ती मुभा काढली की टेबल हललं म्हणून लॅपटॉप उठणार नाही.

या सगळ्यावरचा भरवशाचा तोडगा म्हणजे ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’: आधी साधी झोप, आणि ठरावीक वेळ गेला किंवा बॅटरी उतरली की आपोआप हायबरनेट. वेळ सिस्टिमडीच्या स्लीप.कॉन्फ या फाइलीत हायबरनेट-डिले-सेक या ओळीने ठरते. यासाठी डिस्कवर स्वॅप हवी, आणि ती रॅमएवढी असलेली बरी. फेडोरामध्ये ३३ व्या आवृत्तीपासून मिळणारी झेडरॅम स्वॅप इथे कामाची नाही, कारण ती रॅममध्येच असते. सिक्युअर बूट चालू असताना अनेक वितरणांत कर्नल हायबरनेट नाकारतो, हेही आधी तपासा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर स्वॅपही एन्क्रिप्ट केलेलीच हवी, नाहीतर रॅममधला सगळा मजकूर डिस्कवर उघडा पडेल.

आज रात्री एवढंच करा: झाकण मिटताना बॅटरीचे टक्के लिहून ठेवा, सकाळी पुन्हा पाहा आणि तासांनी भागा. तासाला एक टक्का किंवा त्याहून कमी जात असेल तर काहीही बदलू नका. जास्त जात असेल तर वरचे उपाय करा, पण एका वेळी एकच, आणि प्रत्येकानंतर पुन्हा मोजा. पुढच्या भागात बॅटरीचं आयुष्य वाढवणारी चार्जिंगची मर्यादा कशी लावायची ते पाहू.