रोबो गोंदेल का?

एका बचत गटाने आम्हाला विचारलंय. त्यांच्यातल्या एका ताईंच्या मुलीला जत्रेत गोंदण्याचं काम करायचंय, मशीनसाठी गटाकडून कर्ज हवंय. पण बैठकीत कुणीतरी म्हणालं, आता रोबो गोंदतो म्हणे, मग पैसे कशाला अडकवायचे?

रोबोने गोंदलंय, हे खरं. २०१४ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांनी थ्रीडी प्रिंटरला गोंदण्याची सुई लावली आणि एकाच्या हातावर वर्तुळ काढलं. नकली कातडीवर आधी जमलं होतं. खऱ्या हातावर अडलं. हात गोल, कातडी मऊ. सुई टेकली की दबते, सरकते. ती ताणून धरायला चिकटपट्टी, इलॅस्टिक सगळं झालं. शेवटी कामी आली स्कूटरची ट्यूब! पुढे २०१६ साली अमेरिकेत कारखान्यातल्या यंत्रहाताने एकाच्या पायावर गोंदलं, तेही पायाचं सगळं मोजमाप आधी संगणकात भरून.

आपली गोंदणारी आजी कातडी अंगठ्याने ताणायची. कातडीचा वरचा थर सतत झडतो, म्हणून रंग त्याच्या खाली, एक-दोन मिलिमीटर आत जावा लागतो. उथळ गेला तर पुसट होतो, खोल गेला तर पसरतो. मनगटाची कातडी वेगळी, दंडाची वेगळी, म्हातारीची तर आणखीच वेगळी. समोरची कळवळली की सुई थांबायला हवी. हे बोटांना कळतं.

तेव्हा जत्रेत इतक्यात रोबो बसेल असं आम्हाला वाटत नाही. पण आजीचं काम गेलंच ना? ते रोबोने नेलं नाही. विजेच्या गोंदणयंत्राचं पेटंट अमेरिकेत १८९१ सालीच निघालं होतं. आमच्या जत्रेत ते यंत्र आलं, ते दुसऱ्यांच्या हातात. आजीची बोटं तयार होती, मशीनला पैसा नव्हता.

म्हणून कर्ज द्यावं, असं आमचं मत. फक्त त्यात सुयांचे पैसेही धरा. प्रत्येकाला नवी सुई, पाकीट त्याच्यासमोरच फोडायचं, शाईसुद्धा वेगळ्या टोपणात. एकच सुई फिरवली तर हिपॅटायटिस बीची कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतो. आणि पोरीला आधी जाणत्या हाताखाली बसू द्या. संत्र्याच्या सालीवर रेघ सरळ यायला लागली की मग माणसाचा हात.