केळीला नको, कांद्याला हवी

मधमाशीला कांद्याचा मकरंद फारसा आवडत नाही. त्यात पोटॅशियम बरंच असतं, त्यामुळे शेजारच्या वावरात मोहरी किंवा कोथिंबीर फुलली असेल तर ती डेंगळ्यांकडे, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या दांड्यांकडे, ढुंकूनही बघत नाही. कांद्याचं मात्र तिच्यावाचून पान हलत नाही. डेंगळ्याच्या गोंड्यात शेकडो इवली फुलं असतात. प्रत्येक फुलाचा पराग आधी झडतो, त्याचा स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतो. स्वतःचा पराग वेळेवर मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या फुलाकडून कुणीतरी आणून द्यावा लागतो. सगळं जुळून आलं तर एका फुलात फार तर 6 बिया भरतात.

म्हणून कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर जाणता मधपाळ मधमाश्यांच्या पेट्या आधीच नेऊन ठेवत नाही. तसं केलं तर माश्या आजूबाजूची गोड फुलं शोधतात, आणि एकदा एक फूल धरलं की सहसा त्यालाच चिकटून राहतात. काही डेंगळे उमलू दिले की मगच पेट्या उतरवायच्या. शेतकऱ्याकडून मिळतं ते पेट्यांचं भाडं. मध थोडा निघतो. मधाच्या धंद्यात मध सोडून पैसा मिळतो, हे मला तरी अजून नवलाचंच वाटतं.

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडसारख्या ठिकाणाहून हा धंदा पाहिला तर त्याची गंमत नीट कळते. भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव, कपाशीच्या पट्ट्यातलं. तापीपलीकडे रावेर-यावलकडे केळीच केळी. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या जळगावच्या केळीला मधमाशीची काडीचीही गरज नाही. केळं परागीभवनाशिवायच धरतं, म्हणून तर त्यात बी नसतं. तरी केळफुलात मकरंद असतो आणि माशी तिथे येते. पाहुणी यावी, जेवून जावी, यजमानाचं काहीच काम करू नये, असा तो व्यवहार.

कपाशी ही कांदा आणि केळी या दोघांच्या मधली. तिचं बोंड बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतं, माशी आली तर थोडा हातभार लागतो. पण कपाशीचा खरा चमत्कार फुलाबाहेर आहे. पान उलटं करून मधली शीर पाहा. तिथे बारीक मकरंदग्रंथी असते. म्हणजे कपाशीच्या झाडावर फूल नसतानाही मधमाशीला खाऊ मिळू शकतो. धोकाही इथेच. फुलोऱ्यातल्या कपाशीवर भर सकाळी कीटकनाशक मारलं तर पेट्या रिकाम्या होतात. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर करायची आणि मधपाळाला आदल्या दिवशी सांगायचं, एवढं शेजारधर्माचं भान पाळलं तरी पुष्कळ माश्या वाचतात.

तेव्हा अशा भागातल्या मधपाळाच्या डोक्यात असतं ते फुलांचं पंचांग. कुठे काय कधी फुलणार, तिथवर ट्रक जातो का, पाणी आहे का. पेट्या हलवायच्या त्या रात्री, कारण अंधार पडला की चरणाऱ्या माश्या घरी असतात. दारं जाळीने बंद करायची आणि उजाडायच्या आत नव्या वावरात उतरवायच्या. सकाळी माश्या पेटीसमोर तोंड करून घिरट्या घालतात आणि नव्या घराचा पत्ता पाठ करतात. पेटी चार-पाचशे फूटच सरकवली तर मात्र पंचाईत. ओळखीच्या खुणा दिसतात आणि बऱ्याच माश्या जुन्याच जागी परततात. ही फिरती बहुतेक मेलिफेरा जातीच्या मधमाशीवर चालते. ती 1962 मध्ये नगरोटा बगवांला, आजच्या हिमाचलमध्ये, यशस्वीपणे रुजवली गेली. आपल्या सह्याद्रीतली सातेरी माशीही पेटीत राहते. आग्या मोहोळ मात्र कुणाच्या पेटीत येत नाही.

मग उन्हाळा. पोळ्यात अंडी-अळ्यांच्या भागाचं तापमान साधारण 34-35 अंश राखावं लागतं आणि बाहेर जळगाव जिल्ह्यात पारा 45 च्या घरात. माश्या पाणी आणतात, पोळ्यावर थेंब थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालून ते वाळवतात. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. मधही असाच वारा घालून घट्ट होतो. पातळ मकरंदातलं पाणी 20 टक्क्यांच्या खाली आलं की माश्या त्यावर मेणाचं झाकण लावतात. पेट्या निंबाच्या सावलीत ठेवायच्या, जवळ पसरट भांड्यात पाणी भरायचं आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात खडे टाकायचे.

एवढं करून बाटली दुकानात गेली की हिवाळ्यात गिऱ्हाईक ती परत आणतं: 'यात साखर आहे, गोठला बघा.' मोहरीचा किंवा कपाशीचा मध गोठतोच. त्यात ग्लुकोज जास्त असतं आणि त्याचे खडे बनतात. गोठणं हा भेसळीचा पुरावा नाही, आणि न गोठणं हे शुद्धतेचं प्रमाणपत्रही नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, मध सैल होईल. गॅसवर ठेवू नका. जास्त तापवला तर मधाचा रंग, वास आणि त्यातली विकरं बिघडतात.