नाचविणाऱ्याचा विसावा

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर संस्थानांतल्या एका गांवच्या सभागृहांत शेवटचा वॉल्ट्झ संपतो आणि घामाघूम झालेली मंडळी हंसतखेळत घराकडे वळते. व्यासपीठावरील एक गृहस्थ मात्र अजून आपलीं टिपणें आवरीत असतो. उद्यां त्याला दुसऱ्या गांवीं असाच मेळा नाचवावयाचा आहे. हा नृत्याचा पुकारा करणारा 'कॉलर' होय. मराठींत त्याला नृत्याचा सूत्रधार म्हणणें शोभेल.

ईशान्य अमेरिकेंत 'कॉन्ट्रा' नांवाचें समूहनृत्य फार दिवसांपासून चालत आलें आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास राल्फ पेज यांनीं त्याची परंपरा न्यू हॅम्पशायरांत टिकविली. १९६० नंतर डडली लॉफमन यांनीं तरुण पिढीस त्याची गोडी लाविली. पुढें तें देशभर पसरलें आणि त्याबरोबर गांवोगांव फिरणाऱ्या सूत्रधारांचा, त्यांत स्त्रियाहि आल्या, एक वर्गच निर्माण झाला.

या नृत्यांत जोड्या समोरासमोर दोन लांब रांगांत उभ्या राहतात. संगीताचें एक आवर्तन ६४ पावलांचें असतें व तें सुमारें अर्ध्या मिनिटांत संपतें. तेवढ्यांत प्रत्येक जोडी ठरलेल्या आकृति पुऱ्या करून नव्या जोडीसमोर जाते. प्रत्येक आकृतीचें नांव सूत्रधारानें ती सुरू होण्यापूर्वीं दोनचार मात्रा आधींच उच्चारावें लागतें. उशीर झाला कीं रांग विस्कटते. कान वाद्यांकडे, डोळे चुकणाऱ्या पावलांकडे आणि जीभ पुढच्या आकृतीवर, अशी ही सुमारें तीन तासांची एकाग्रता असते.

श्रम येथेंच संपत नाहींत. पुष्कळदां मुक्काम एखाद्या हौशी नर्तकाच्या घरीं असतो. यजमान प्रेमळ असतात, पण मध्यरात्रीपर्यंत गप्पांत रमतात. पाहुण्यास 'आतां निजतों' म्हणण्याचा संकोच वाटतो. शुक्रवारी रात्रीं सुरू झालेला मेळा रविवारी दुपारीं आटोपतो, मग लांबचा मोटारप्रवास, आणि सोमवारी पोटापाण्याची नोकरी अनेकांची वाट पाहत असते.

अशा शिणवट्यास १९७४ सालीं न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनीं 'बर्नआउट', म्हणजे जळून विझणें, या नांवानें शास्त्रीय चर्चेंत आणलें. कामचुकारांपेक्षां निष्ठेनें राबणारेच त्यास बळी पडतात, असें त्यांचें निरीक्षण होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें त्याचीं तीन लक्षणें नमूद केलीं: शक्तिपात, कामाविषयीं दुरावा वा कडवटपणा, आणि हातून कांहीं नीट होत नाहीं ही भावना. सूत्रधारांत दुसरें लक्षण विशेष घातक ठरतें. नवख्याच्या चुकीवर तो मनांतून चिडूं लागला, कीं त्याच्या आवाजांतला जिव्हाळा ओसरतो. आणि नवखा माणूस पुन्हां त्या सभागृहाची पायरी चढत नाहीं.

यावर उपाय साधे आहेत, पण ते आधींच योजावे लागतात. वर्षाची दिनदर्शिका हातीं येतांच मोकळे आठवडे प्रथम राखून ठेवावे आणि आमंत्रणें मागाहून स्वीकारावीं. निमंत्रण घेतांनाच स्वतंत्र खोली व झोपेची वेळ यांविषयीं स्पष्ट बोलावें. त्यांत उद्धटपणा नाहीं. मेळ्यानंतर रात्रींच मोटार हांकण्याचा मोह टाळावा, कारण पेंगुळलेला सारथी स्वतःबरोबर इतरांसहि धोक्यांत घालतो. स्वतःचा आवाज स्वतःस ऐकूं येईल अशी ध्वनियोजना मागून घ्यावी, म्हणजे ओरडावें लागत नाहीं. मोठ्या मेळ्यास दोन सूत्रधार असले तर आळीपाळीनें काम वांटून घ्यावें. आणि अधूनमधून, कोणतीहि जबाबदारी न घेतां, स्वतः रांगेंत उभें राहून नाचावें; ज्या आनंदासाठीं हा व्यवसाय पत्करला, त्याची ओळख त्यामुळें बुजत नाहीं.

खरें पाहतां हा धडा त्याच्या कलेंतच दडलेला आहे. जुन्या संगीत नाटकांतला सूत्रधार नांदीनंतर थोड्याच वेळांत आंत जातो. कॉन्ट्राचा कुशल सूत्रधारहि पहिलीं कांहीं आवर्तनें पूर्ण पुकारतो, मग निम्मे शब्द गाळतो, आणि पावलें सरावलीं कीं गप्प राहतो. नृत्य त्याच्यावांचून चालूं लागतें, आणि त्यांतच त्याचें यश असतें. व्यासपीठावर जो असें थांबूं शकतो, त्यानें आपल्या दिनदर्शिकेंतहि तसेंच थांबावयास शिकावें.