फडातली गोळी आणि मूत्रपिंड
बारामती-इंदापूर पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने पेटले की ऊसतोड पहाटेच सुरू होते. दिवसभर घाम, पिण्याचं पाणी बेताचंच. मोळ्या वाहून कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी. अंगात पाणी कमी असताना हीच गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. रोज घेण्याची सवय तर फारच घातक.

मूत्रपिंड निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणं मात्र मधुमेह आणि उच्च रक्तदाब. दोन्ही मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि बिघाड बराच पुढे जाईपर्यंत काहीच दुखत नाही. पायावर सूज येण्याची वाट पाहू नका. साखर किंवा बीपी असणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावंच. नुसत्या क्रिएटिनिनवर भागत नाही. बहुधा अल्ब्युमिन आधी जाऊ लागतं, क्रिएटिनिन मागाहून वाढतं.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा. लोणचं, पापड, चटणीतलंही त्यातच धरा.

डायलिसिसची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे. रुग्णालयात जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.