रोखलेल्या मालाची किंमत

परम महासंगणकाची गोष्ट मराठी घरांत अभिमानाने सांगितली जाते. अमेरिकेने हवा तसा क्रे संगणक दिला नाही, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या विजय भटकरांनी १९९१मध्ये परम-८००० करून दाखवला. हे खरेच आहे. मात्र या गोष्टीतून ‘बंदी ही इष्टापत्तीच असते’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला घातक वाटतो.

अमेरिकेने दार पूर्ण लावलेले नव्हते. मान्सूनच्या अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी/१४ दिला, तोही कडक अटी घालून. त्याहून ताकदवान यंत्र नाकारले. कारण उघड होते. ज्या यंत्रावर पावसाचे गणित सुटते, त्यावर अण्वस्त्राचेही सुटते. नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना येणारा हा दुहेरी उपयोगाचा माल. परम-८०००चे प्रोसेसर ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या घडणीचे ट्रान्सप्युटर होते. अख्खा महासंगणक मिळत नव्हता, पण त्याचे सुटे भाग बाजारात मिळत होते आणि ते जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करून घेणारी माणसे आपल्याकडे होती. सरकारचा पैसा पाठीशी होता. या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून परम झाला.

जिथे सुटे भागही मिळत नव्हते, तिथे काय झाले ते रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाने दाखवले. १९९१मध्ये इस्रोने रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी करार केला. अमेरिकेने क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाचे कारण पुढे करून १९९२मध्ये दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले. पुढच्याच वर्षी रशियाने माघार घेतली आणि तयार इंजिने देऊन तंत्रज्ञान हातचे राखले. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्ही रॉकेटचे पहिले यशस्वी उड्डाण झाले ५ जानेवारी २०१४ला. या दोन दशकांत आपले जड दळणवळण उपग्रह परकीय चलन मोजून युरोपच्या एरियान रॉकेटने जात राहिले. डिसेंबर २०१८मध्येही ५,८५४ किलो वजनाचा जीसॅट-११ फ्रेंच गयानातूनच उडाला. विक्रोळीच्या गोदरेजला आणि वालचंदनगरला इस्रोच्या कामातून बारीक कसबाची कामे मिळाली, हेही जमेच्या बाजूला लिहिले पाहिजे. पण खर्चाच्या बाजूला वीस वर्षे आहेत, आणि विकसनशील देशासाठी वेळ हेच सर्वांत दुर्मिळ भांडवल.

अणुऊर्जेत तर हा तोटा थेट विजेत मोजता येतो. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अणुपुरवठादार गट स्थापन झाला. १९७८च्या अमेरिकी कायद्याने तारापूरच्या इंधनाचा ओघ अडवला आणि १९८२मध्ये फ्रान्सने ती जागा घेतली. जड पाण्याच्या भट्ट्या आपण स्वतः बांधल्या, पण घरचे युरेनियम पुरेना. २००८च्या सुमारास त्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास चालत होत्या. भट्टी बांधून झालेली, कर्जाचे व्याज चालू, माणसे हजर, आणि वीज निम्मी. त्या सप्टेंबरात गटाने भारताला सवलत दिली. मग रशिया, कझाकस्तान आणि पुढे कॅनडातून युरेनियम आले आणि त्याच भट्ट्या पुन्हा जोमाने चालू लागल्या. यंत्र तेच, माणसे तीच. फक्त एका निर्णयाने उत्पन्न बदलले.

या मोठ्या संस्थांची नावे इतिहासात राहतात. ज्यांच्यामागे ना सरकारी प्रयोगशाळा ना ठरलेले गिऱ्हाईक, त्यांचे काय? धातू कापून घडवणारे पंचअक्षीय सीएनसी यंत्र हे त्याचे चांगले उदाहरण. त्यावर गुडघ्याचे कृत्रिम सांधे घडतात आणि टर्बाइनची पातीही. ते घेणाऱ्या छोट्या कारखानदाराला ‘कुठे बसवणार, काय बनवणार’ हे लेखी द्यावे लागते. जपानी बनावटीच्या कित्येक यंत्रांत जागा हलवली की यंत्र बंद पाडणारी यंत्रणा असते. शेड बदलायची तर आधी उत्पादकाला कळवायचे. यंत्राची किंमत मालकाने मोजली, तरी ते कुठे चालवायचे हे दुसरा ठरवतो. शिवाय पुरवठादार धास्तीने नियमापेक्षाही जास्त जपतो. या धास्तीला इतिहास आहे: १९९८च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने सुमारे दोनशे भारतीय संस्थांना काळ्या यादीत टाकले. बहुतेक २००१मध्ये सुटल्या, पण भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव जानेवारी २०२५पर्यंत राहिले.

आता परवाना रोखणारे फक्त पश्चिमेत नाहीत. एप्रिल २०२५मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांची चुंबके परवान्याखाली आणली. आकुर्डीच्या बजाज ऑटोने त्यानंतर विजेवरच्या स्कूटरचे उत्पादन शून्यावर येण्याचा जाहीर इशारा दिला. स्कूटरच्या किमतीत चुंबकाचा वाटा किरकोळ, पण ते नसेल तर सगळी जुळणी थांबते. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. योजना योग्यच आहे. मात्र तिची पहिली दोन वर्षे कारखाने उभारण्यातच जातील, आणि मोटर जुळवणारे छोटे पुरवठादार तेवढा काळ थांबू शकत नाहीत. परमच्या गोष्टीतून शिकायचे ते हेच: बंदीच्या दिवशी माणसे आणि साठा तयार हवा.

आणखी एक बाजू आपण क्वचितच बोलतो. २०१६ ते २०१८ या काळात भारत क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था, वासेनार करार आणि ऑस्ट्रेलिया गट या निर्यात-नियंत्रण व्यवस्थांचा सदस्य झाला. आपलीही दुहेरी उपयोगाच्या मालाची स्कोमेट यादी आहे. ड्रोन, रसायने, यंत्रे त्यात येतात आणि परवाना दिल्लीतले परकीय व्यापार महासंचालनालय देते. शस्त्रप्रसार रोखायलाच हवा, यात मला शंका नाही. तरी ढाका किंवा नैरोबीच्या ज्या व्यावसायिकाला आपल्याकडून साधे यंत्र हवे आहे, त्याला ठरलेल्या मुदतीत होकार किंवा कारणासह लेखी नकार मिळाला पाहिजे. आपल्या संस्थांना वर्षानुवर्षे तेवढेही मिळाले नव्हते.