समुद्राच्या तळाचे जंतू

आपल्या वैनगंगेचे पाणी पुढे गोदावरीला मिळते आणि शेवटी समुद्रात जाते. त्या समुद्राच्या तळाशी काय असेल?

हिंदी महासागरात काही ठिकाणी तळ साडेचार किलोमीटर खोल आहे. तिथे ऊन पोचत नाही. बारा महिने अंधार. वरच्या पाण्याचा दाब तर विचारूच नका. बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे साडेचार क्विंटल भार!

तळाला भेगा असतात. पाणी त्यांत मुरते, खालच्या तापलेल्या खडकाने तापते आणि झऱ्यासारखे वर उसळते. काही झरे ३५० अंशांहून गरम असतात. चुलीवरचे पाणी तर १०० अंशांनाच उकळते. मग तिथे वाफ का होत नाही? दाबामुळे. कुकरचे झाकण घट्ट बसले की आतले पाणी १०० अंशांपुढे तापते. तसेच हे.

असे झरे १९७७ साली प्रशांत महासागरात शास्त्रज्ञांना दिसले. नवल असे की तिथे जीव होते!

ते खातात काय? आपले धान उन्हावर वाढते. तिथे ऊन नाही. पण झऱ्यातून गंधकाचा वायू येतो. काही जंतू त्याच्या बळावर आपले अन्न तयार करतात. त्यांच्यावर गोगलगाई, किडे जगतात. हिंदी महासागरातल्या एका गोगलगाईच्या तर अंगातच असे जंतू राहतात. ते तिला पोसतात.

डिसेंबर २०२४ मध्ये असाच एक झरा आपल्या देशाच्या शास्त्रज्ञांनी टिपला. गोव्याची आणि चेन्नईची संस्था या कामात होत्या. माणूस खाली गेला नाही. यंत्र पाठवून फोटो काढले.

यातले काही सूक्ष्म जीव १२० अंशांनाही वाढतात. तुम्ही म्हणाल, "मग पाणी उकळून काय फायदा?"

फायदा आहे. हे जीव आपल्या विहिरीत नसतात. ८० अंशांच्या खाली ते वाढतही नाहीत. आपल्या अंगाची ऊब ३७ अंश. ती त्यांना थंडच! पटकी, हगवण, विषमज्वर यांचे जंतू मात्र आपल्या अंगात वाढतात, आणि ते उकळीला टिकत नाहीत.

सगळे जंतू वाईट नसतात. दह्याचे विरजण जंतूंचेच. पण पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की गाळून घ्या. चांगली खळखळून उकळी येऊ द्या. मग झाकून ठेवा.