शालेय अध्यापनातील मुक्त शैक्षणिक संसाधने

मुक्त शैक्षणिक संसाधने म्हणजे प्रताधिकाराची मुदत संपलेली किंवा खुल्या परवान्याखाली प्रकाशित केलेली अध्ययन-अध्यापनाची साधने होत. ती विनामूल्य उपलब्ध असतात आणि त्यांची प्रत काढण्याची, त्यांत बदल करण्याची व ती पुन्हा वितरित करण्याची मुभा असते. पाठ्यपुस्तके, चित्रफिती, नकाशे, गोष्टींची पुस्तके, प्रश्नसंच आणि संगणकीय प्रतिकृती यांचा त्यांत समावेश होतो.

इतिहास

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने आपले अभ्याससाहित्य आंतरजालावर सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली. त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले व अशा साहित्याला कायदेशीर चौकट मिळाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावरील शिफारस स्वीकारली.

विनामूल्य आणि मुक्त

विनामूल्य मिळणारे प्रत्येक साहित्य मुक्त असतेच असे नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनाशुल्क उतरवून घेता येतात. परंतु त्यांचे हक्क मंडळाकडे राखीव असतात. याउलट, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मंचावरील गोष्टी श्रेयनिर्देश करून कोणालाही भाषांतरित करता येतात, छापता येतात किंवा आपल्या विद्यार्थ्यांच्या वाचनपातळीनुसार सोप्या करता येतात. त्यामुळे एखादा शिक्षक मराठी गोष्टीचे आपल्या विद्यार्थ्यांच्या घरच्या बोलीत रूपांतर करून ती परवानगीची वाट न पाहता वर्गात वाचू शकतो. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२ अन्वये अध्यापनाच्या ओघात साहित्याची प्रत काढण्याची सवलत शिक्षक व विद्यार्थ्यांना आहे. मात्र ती अध्यापनापुरतीच मर्यादित आहे.

भारत व महाराष्ट्र

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेशी संलग्न असा मुक्त शैक्षणिक संसाधनांचा राष्ट्रीय संग्रह २०१३ मध्ये सुरू झाला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ मंचाचे उद्घाटन झाले. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत छापलेले क्यूआर संकेत भ्रमणध्वनीने टिपले असता त्या-त्या पाठाशी निगडित साहित्य उघडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत अशा संकेतांचा वापर रुजवला. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आणि मराठी विश्वकोश हेही आंतरजालावर वाचता येतात.

वर्गातील वापर

संगणकीय प्रतिकृतींचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘फेट’ हा प्रकल्प. नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात तो सुरू केला. त्यातील अनेक प्रतिकृती मराठीत उपलब्ध असून, उतरवून घेतल्यास त्या आंतरजालाविनाही चालतात.

विद्युत परिपथ शिकवताना या प्रतिकृतीत दोन दिवे प्रथम एकसर जोडणीत व नंतर समांतर जोडणीत लावता येतात. एक दिवा काढल्यास दुसऱ्याचे काय होईल, याचा अंदाज विद्यार्थ्यांनी आधी वहीत लिहावा, अशी पद्धत उपयुक्त ठरते. एकसर जोडणीत दुसरा दिवा विझतो. समांतर जोडणीत तो पेटताच राहतो. अंदाज चुकला की त्यामागचे कारण शोधण्याची गरज विद्यार्थ्यांना स्वतःच जाणवते. तीच कृती केवळ पडद्यावर दाखवून दिली, तर हा लाभ बऱ्याच अंशी हुकतो.

प्रतिकृती हा प्रयोगाचा पर्याय मात्र नव्हे. सैल जोडणी, उतरलेला विद्युतघट, गंजलेली तार या अडचणी प्रत्यक्ष हाताळणीतूनच कळतात. त्यामुळे पडद्यावरील कृतीनंतर खरा घट, तारा व दिवे घेऊन तोच परिपथ जोडणे आवश्यक ठरते.

मर्यादा

या संसाधनांचा लाभ वीजपुरवठा, आंतरजाल-जोडणी आणि उपकरणे यांवर अवलंबून असतो. कोविड-१९ महासाथीच्या काळात शाळा बंद असताना ही विषमता ठळकपणे पुढे आली. घरात एकच भ्रमणध्वनी, तोही कामावर जाणाऱ्या पालकांकडे, अशा स्थितीतील मुले दूरस्थ शिक्षणापासून दुरावली. कोलिब्री व किविक्स यांसारख्या प्रणालींद्वारे साहित्य एकदा साठवून पुढे जोडणीविना वापरता येते. तथापि, गृहपाठासाठी घरी उपकरण असल्याचे गृहीत धरल्यास मागे पडलेली मुले आणखी मागे पडतात.

मराठीतील दर्जेदार साहित्य इंग्रजीच्या तुलनेत कमी आहे. खुल्या मंचांवरील मजकुरात चुका असू शकतात. म्हणून साहित्याचा कर्ता, परवाना, अद्ययावतता व अभ्यासक्रमाशी सुसंगती शिक्षकाने वर्गापूर्वी तपासणे इष्ट असते.

हे सुद्धा पहा

मुक्त परवाना
दूरशिक्षण
बालभारती